अंक सतरा

तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दिवसभर सातबारे, फेरफार, कुणाचा तरी जन्माचा दाखला
काचेवर पालथा घालायचा, झाकण लावायचं,
हिरवा उजेड इकडून तिकडे.
रात्री शटर अर्धं ओढलं की
त्याच काचेवर खंडू खगोल.

आता कुणाला ठाऊक नाही.
इथंच सेलूत छापायचे, दुधना चित्रकथा, किंमत बारा आणे,
लग्नपत्रिकांच्या छापखान्यात.
म्हणून वैशाखात अंक नसायचा
आणि आषाढात दोन एकदम यायचे.
त्यातला सूर्य, पत्रिकेवरच्या गणपतीतून
उरलेल्या पिवळ्याचा.

कथा लिहायचे उखळीकर कंपाउंडर,
खोकल्याच्या औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे.
चित्रं नूरोद्दीन मास्तरांची. त्यांना घोडा कधी जमला नाही,
म्हणून खंडूला जिनिंगच्या बॉयलरवर बसवून
सरळ चंद्रावर धाडला.
तांबडा रंग रेषेत बसायचाच नाही,
सुतभर उजवीकडे सांडायचा.
आम्हाला वाटायचं, खंडू आत्ताच हललाय.

शून्यासुर आकडे खायचा.
रस्त्याच्या पाटीवरले किलोमीटर खाल्ले, मोंढ्यातले भाव खाल्ले,
एकदा तर अख्ख्या चौथीच्या वर्गाचे गुण.
त्या महिन्यात आम्ही त्याच्या बाजूनं होतो.

चोवीस अंक. माझ्या पत्र्याच्या पेटीत तेवीस.
सतरावा नव्हता.
सोळाव्यात चंद्रकला कंडक्टर काळ्या आभाळात एकटी,
अठराव्यात ती हसत तिकिटं फाडतेय.
मधे काय झालं, ह्यात माझा जन्म गेला
असं नाही म्हणणार.
लग्न झालं, दोन पोरी झाल्या, मशीन तीनदा बदललं.
पण एसटीत बसलो की आठवायचं.

सापडला मानवतला, रुस्तुमभाऊंच्या कटिंगच्या दुकानात,
खिळ्याला सुतळीनं टांगलेला, पंचांगाशेजारी.
"इकायचा न्हाई ओ," ते म्हणाले, "माझ्या बापानं टांगलाय.
बसा. दाढी व्हईस्तोर वाचा."

पानापानांत बारीक केस.
तेव्हा काळे होते, अजून काळेच.
शून्यासुराला कुणीतरी बॉलपेननं मिशा काढलेल्या,
दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या शाईनं, चष्मा.
गालावर फेस घेऊन मी पान अकरावर आलो.

चंद्रकला थैलीतून तिकिटाचा चिमटा काढते
अन् काळ्या आभाळाला टक्कन भोक पाडते.
एक. मग दुसरं.
"सुटे नाहीत," ती म्हणते, "उजेड घ्या."

आमच्या डेपोत तेव्हा बाई कंडक्टर कुणी पाहिली होती?
उखळीकरांनी कुठून आणली,
विचारायला आता तेही नाहीत.

"मान हलवू नका," रुस्तुमभाऊ म्हणाले.

मोबाईलनं फोटो काढले, बत्तीसच्या बत्तीस पानं.
आता एक जाड पुस्तक व्हायला पाहिजे,
शिवलेली बांधणी,
लेकरांनी पालथं पडून वाचलं तरी पानं सुटू नयेत अशी.
पुण्याचे एक प्रकाशक फोनवर म्हणाले,
रंग कॉम्प्युटरवर नीट बसवून घेऊ, डाग काढू.
मी म्हणालो, तांबडा सुतभर सांडलेलाच ठेवा.
मिशा ठेवा. केसही, छापता आले तर.
चोवीसाव्याच्या शेवटी 'पुढील अंकी' आहे, तेही राहू द्या,
पंचविसावा निघालाच नाही,
हे त्यांचं त्यांना कळू द्या.
ते म्हणाले, कळवतो.

परवा अकरावं पान मोठं करून काढलं.
आभाळ पार कडेपर्यंत काळं.
धाकटी बघत बसली, बोटानं मोजत.
"बाबा, बाईनं दोन भोकं पाडली ना?
इथं कोपऱ्यात तिसरं आहे."

ते मानवतचं, मी म्हणालो.